तडकलेली कांच आणि तिची राळ

फुटलेला मोती आणि दुखावलेलें मन पुन्हां सांधत नाहीं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. आणि कांचेलाही लोक त्याच पंक्तीस बसवितात. कंदिलाची कांच तडकली कीं ती टाकून नवी आणावी, हा घरोघरचा रिवाज. अशा समजुतींत वाढलेल्या माणसासमोर एखादा कारागीर एवढीशी कुपी घेऊन उभा राहतो आणि मोटारीच्या पुढच्या कांचेचा उडालेला टवका अर्ध्याएक तासांत भरून दाखवितो, तेव्हां पाहणारास ती जादूच वाटते. कुपींतील द्रव कांचेसारखाच स्वच्छ असतो. तो भेगेंत शिरतांच भेग दिसेनाशी होते आणि वर दिव्याचा प्रकाश पाडतांच तो घट्ट होऊन बसतो. गॅरेजांतील मंडळी ह्या द्रवाला रेझिन म्हणतात. मराठींत त्याला राळ हा जुना शब्द चालण्यासारखा आहे.

परंतु भेग दिसेनाशी झाली म्हणजे ती सांधली गेलीच, असें नव्हे. चांगली राळ आणि वाईट राळ पहिल्या दिवशीं सारख्याच दिसतात, ही ह्या धंद्यांतील खरी अडचण आहे. त्यांतील भेद ओळखावयाचा तर मोटारीच्या कांचेला आजवर कोणकोणते पदार्थ चिकटविले गेले आणि त्यांचें पुढें काय झालें, हा सव्वाशें वर्षांचा वृत्तांत पाहावा लागतो. त्यांत फसगती पुष्कळ आहेत, एका माणसाचा डोळाही गेलेला आहे, आणि आजच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल असा बोधही आहे.

अगदीं आरंभींच्या मोटारींना पुढें कांच नसे. हांकणारा डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून धूळ व वारा सोशीत बसे. पुढें वेग वाढला तशी समोर सपाट कांच उभी करण्याची चाल पडली, आणि त्याबरोबर एक नवें संकट आलें. साधी कांच फुटली म्हणजे तिचे सुरीसारखे लांब, धारदार तुकडे होतात. लहानशा धडकेंतही माणूस पुढें फेंकला जाई आणि धडकेनें जी इजा झाली नसती ती कांचेनें होई. वाऱ्यापासून बचाव करणारी वस्तुच अशा रीतीनें तोंडाची व गळ्याची वैरीण ठरली.

ह्यावर उपाय म्हणून कांचेचे दोन थर एकमेकांस चिकटवावे, ही कल्पना इंग्लंडांत जॉन क्रू वुड यांनीं मांडली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. थर जोडण्यासाठीं त्यांनीं कॅनडा बाल्सम नांवाची राळ निवडली. ही राळ उत्तर अमेरिकेंतील एका सूचिपर्णी वृक्षापासून निघते, आणि दुर्बिणीचीं व सूक्ष्मदर्शकाचीं भिंगें जोडणारे कारागीर ती फार पूर्वींपासून वापरीत आले होते. त्यांनीं हीच राळ कां निवडली, हें समजलें म्हणजे आजच्या दुरुस्तीचें अर्धें रहस्य उलगडतें.

कांचेंतील भेग आपणांस दिसते ती कांच नाहींशी झाल्यामुळें नव्हे, तर तिच्या जागीं हवा शिरल्यामुळें. प्रकाश कांचेंतून हवेंत आणि हवेंतून पुन्हां कांचेंत शिरतांना वांकतो, आणि अशा प्रत्येक सीमेवर त्याचा कांहीं भाग मागें फिरतो. सरळ पडलेल्या प्रकाशाचा हा भाग शेंकडा सुमारें ४ असतो. म्हणून भेग रुपेरी चमकते. पदार्थ प्रकाशाला किती वांकवितो, ह्याचें माप म्हणजे वक्रीभवनांक. साध्या कांचेचा हा अंक सुमारें १.५२ आणि कॅनडा बाल्समचा सुमारें १.५३ आहे. दोहोंचे अंक इतके जवळ असल्यामुळें भेगेंत ही राळ भरली कीं प्रकाशाला मधली सीमा जाणवतच नाहीं आणि भेग लोपते. परंतु पारदर्शकपणा हा एकच गुण पुरत नाहीं. बाल्सम जुनें झालें कीं पिवळें पडतें व ठिसूळ होतें. नळीच्या आंत, सांवलींत बसलेल्या भिंगाला तें चालतें. ऊन, पाऊस आणि रस्त्याचे धक्के खाणाऱ्या मोटारीला चालत नाहीं.

दुसरा प्रयोग फ्रान्सांत झाला. एदुआर बेनेदिक्तुस हे रसायनज्ञ होते आणि चित्रकारही होते. १९०३ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील एक कांचेची कुपी फळीवरून खालीं पडली, तडकली, परंतु तिचे तुकडे विखुरले नाहींत, अशी कथा सांगतात. कुपींत पूर्वीं सेल्युलोज नायट्रेटचा द्रव होता. तो वाळून आंतून पातळ पापुद्रा बसला होता आणि त्यानेंच तुकडे धरून ठेवले होते. पुढें मोटारींच्या अपघातांत कांचेनें होणाऱ्या जखमांच्या वार्ता वाचून त्यांना त्या कुपीची आठवण झाली. दोन कांचांमध्यें सेल्युलोज नायट्रेटचा एक थर घालून त्यांनीं १९०९ सालीं पेटंट मिळविलें. तीन थर म्हणून तिचें नांव ट्रिप्लेक्स. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना अशीच कांच बसवीत.

तथापि ट्रिप्लेक्सचाही दोष कालांतरानें उघड झाला. सेल्युलोज नायट्रेट उन्हानें पिवळें पडतें, मग तपकिरी होतें, आणि त्यांत बुडबुडे धरतात. नवी असतांना स्फटिकासारखी स्वच्छ असलेली कांच दोन-चार उन्हाळे काढल्यावर धुरकट होई. विक्रीच्या दिवशीं कोणीही त्या कांचेस नांव ठेवूं शकलें नसतें. पुढच्या वर्षांच्या उन्हानें तिला नापास केलें. कांचेला चिकटणाऱ्या कोणत्याही पदार्थाचा खरा परीक्षक सूर्य होय, हा ह्या इतिहासांतील पहिला धडा.

दुसरा धडा न्यायालयांत मिळाला. फोर्ड कंपनीनें १९२७ च्या अखेरीस आपली मॉडेल ए ही मोटार बाजारांत आणली आणि तिची पुढची कांच फुटून उडणारी नाहीं, अशी छापील ग्वाही दिली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील एका गृहस्थानें १९३० च्या मे महिन्यांत अशी एक मोटार घेतली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत एका डोंगरी खिंडींतून जात असतां शेजारून जाणाऱ्या गाडीच्या चाकाखालून एक खडा उडाला व त्याच्या कांचेवर बसला. कांचेचे बारीक तुकडे उडून त्याच्या डाव्या डोळ्यांत गेले आणि तो डोळा कायमचा गेला.

त्यानें फिर्याद केली. मोटार त्यानें दुकानदाराकडून घेतली होती, कंपनीकडून नव्हे. म्हणून कंपनीचा व त्याचा करारच नाहीं, असा कंपनीचा बचाव होता, आणि तत्कालीन कायद्याप्रमाणें तो बचाव लंगडा नव्हता. परंतु १९३२ सालीं त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तो मान्य केला नाहीं. कांच उडणारी आहे कीं न उडणारी, हें सामान्य माणसाला नेहमींच्या पाहणीनें कळण्यासारखें नाहीं. त्यानें बनविणाराच्या शब्दावरच विसंबावें लागतें. तेव्हां तो शब्द खरा नसेल, तर बनविणारास हात झटकून मोकळें होतां येणार नाहीं, असा न्यायालयाचा आशय होता. खटला पुन्हां चालला, निकाल त्या गृहस्थाच्या बाजूनें लागला, आणि १९३४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तोही कायम केला. ग्राहकाच्या कायद्यांत ह्या निवाड्याला मोठें स्थान आहे. राळेच्या बाबतींत तर त्यांतील तत्त्व अक्षरशः लागू पडतें. कारण कुपींतील राळ ही तशीच डोळ्यांनीं न पारखतां येणारी वस्तु आहे.

मधल्या थराचा शोध मात्र चालूच होता. नायट्रेटच्या जागीं सेल्युलोज ॲसिटेट आलें. तें उन्हाला अधिक टिकलें, परंतु कडाक्याच्या थंडींत त्याचें बळ घटे. शेवटीं १९३८ च्या सुमारास पॉलिव्हिनिल ब्युटिरल हा थर अमेरिकेंत प्रचारांत आला. तो पिवळा पडत नाहीं, कांचेला घट्ट धरून राहतो, आणि धक्का बसला तर रबरासारखा ताणतो. डोकें आपटलें तरी कांच तडकते पण फाटत नाहीं. आजही बहुतेक मोटारींच्या पुढच्या कांचेंत हाच थर असतो. भारतांतही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं पुढची कांच अशी थरांचीच असावी, असा दंडक घातला आणि तिच्यांतून शेंकडा किमान ७० इतका प्रकाश पार गेला पाहिजे, असेंही ठरविलें.

ह्याच काळांत जर्मनींत डार्मश्टाट येथें ऑटो रोम ह्यांच्या कारखान्यांत जे प्रयोग झाले, त्यांचा दुरुस्तीच्या राळेशीं जवळचा संबंध आहे. रोम यांनीं ॲक्रिलिक पदार्थांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालविला होता. कांचेच्या दोन तावांमध्यें मऊ ॲक्रिलेटचा थर घालून त्यांच्या कारखान्यानें सुरक्षित कांच बनविली. त्याच कुळांतील मेथॅक्रिलेटचा प्रयोग केला तेव्हां मात्र तो पदार्थ घट्ट होतांना कांचेपासून सुटला आणि कठीण, पारदर्शक असा स्वतंत्र तक्ता हातीं आला. १९३३ सालीं तो प्लेक्सिग्लास ह्या नांवानें नोंदला गेला. एकाच कुळांतील एक भाऊ कांचेला बिलगला व दुसरा तिला सोडून गेला, असा हा प्रकार. दुरुस्तीची आजची राळ ह्याच ॲक्रिलेट-मेथॅक्रिलेट कुळांतील असते. म्हणून तिच्या बनविणारास दोन्ही भावांचे गुण मापून घ्यावे लागतात: कठीणपणा हवा, पण घट्ट होतांना आकसून कांच सोडणें नको.

राहिला प्रश्न राळ घट्ट करण्याचा. प्रकाशानें द्रव्य घट्ट होतें, हें ज्ञानही जुनेंच आहे. फ्रान्सांतील निसेफोर नीएप्स यांनीं १८२६-२७ च्या सुमारास डांबराच्या एका जातीचा पातळ लेप पत्र्यावर देऊन त्यावर खिडकीबाहेरील देखावा पाडला. जेथें प्रकाश पडला तेथें लेप कठीण झाला व बाकीचा धुऊन निघाला. आजवर टिकून राहिलेलें जगांतील सर्वांत जुनें छायाचित्र तेंच होय. दुरुस्तीच्या राळेंत प्रकाश ओळखणारें एक द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. अतिनील किरण पडतांच तें राळेच्या सुट्या कणांना सांखळीसारखें जोडूं लागतें आणि कांहीं मिनिटांत द्रवाचा घन पदार्थ होतो.

हे सर्व धागे एकत्र आले ते १९७२ च्या सुमारास, अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत. विमानांच्या मापनयंत्रांचे अभियंते फ्रँक वर्नर यांनीं टवक्यांतील हवा काढून तेथें राळ भरण्याचें एक लहानसें यंत्र सिद्ध केलें. विल्यम हॉलिंग्सवर्थ यांच्यासह घेतलेलें त्यांचें पेटंट १९७६ सालचें आहे. खडा लागून जी इजा होते ती बहुधा बाहेरच्याच तावाला होते. मधला थर आणि आंतला ताव शाबूत राहतात. म्हणूनच अशी कांच दुरुस्त करणें शक्य होतें. बाजूच्या कांचा बहुधा पाणी दिलेल्या, म्हणजे टफन्ड असतात. त्या फुटल्या कीं त्यांचा चुरा होतो, आणि चुऱ्यावर कोणतीही राळ चालत नाहीं.

आतां राळ निवडावी कशी, ह्याचा विचार वरील इतिहासाच्या आधारें करतां येतो. बाल्समनें शिकविलें, कीं राळेचा वक्रीभवनांक कांचेच्या १.५२ ह्या अंकाशीं जुळला पाहिजे, नाहीं तर डाग राहतो. ट्रिप्लेक्सनें शिकविलें, कीं उन्हांत ती पिवळी पडतां कामा नये. घरगुती जोडकामाचें इपॉक्सी कितीही बळकट असलें तरी उन्हांत पिवळें पडतें. आणि झटपट चिकटणारा बाजारी डिंक ठिसूळ असून उष्णता व ओल ह्यांपुढें टिकत नाहीं. असले पदार्थ कांचेंत भरूं नयेत. एकदां चुकीचा पदार्थ भेगेंत जाऊन बसला म्हणजे तो निघत नाहीं आणि चांगल्या राळेलाही मग वाट उरत नाहीं. प्लेक्सिग्लासच्या कथेनें शिकविलें, कीं राळेनें घट्ट होतांना फार आकसूं नये. आकसली तर तिच्या कडेनें पुन्हां हवा शिरते आणि लोपलेली भेग कांहीं महिन्यांनीं परत दिसूं लागते.

ह्याशिवाय दाटपणा पाहावा लागतो. केसासारख्या भेगेला पाण्यासारखी पातळ राळ हवी, कारण दाट राळ टोंकापर्यंत पोहोंचत नाहीं आणि न भरलेल्या टोंकापासूनच तडा पुढें धांवतो. उलट, खडा लागलेल्या जागचा वरचा खळगा पातळ राळेनें भरत नाहीं. त्याला दाट राळ लागते. एकच कुपी सर्व कामांना चालते, असें जो सांगतो त्याला ह्याविषयीं प्रश्न विचारावा.

राळ उत्तम असूनही कृतींत हयगय झाली तर काम फसतें. भेग आधीं पूर्ण कोरडी करावी. कोंकणांत व घाटावर पावसाळ्याचे चार महिने ओल भेगेंत दबा धरून बसते, आणि ओल्या कांचेला राळ धरत नाहीं. मग यंत्रानें हवा ओढून घ्यावी, दाबानें राळ आंत लोटावी, आणि असें आळीपाळीनें बुडबुडा उरेपर्यंत नव्हे तर नाहींसा होईपर्यंत करावें. हें काम सांवलींत करावें. उन्हांत केल्यास राळ भरण्यापूर्वींच घट्ट होऊं लागते. दिवा बाहेरून धरावा, कारण मधला थर अतिनील किरण बहुतेक शोषून घेतो. वरच्या खळग्यावर पारदर्शक पापुद्रा ठेवून मगच दिवा लावावा. हवेंतील प्राणवायु राळेच्या पृष्ठभागाला घट्ट होऊं देत नाहीं, म्हणून ही काळजी. शेवटीं पात्यानें वरची राळ तासून सपाट करावी व घांसून चकाकी आणावी.

कारागिराच्या स्वतःच्या सुरक्षिततेचा विचारही सोडतां येत नाहीं. घट्ट झालेली राळ निरुपद्रवी असली तरी द्रवरूप राळ तशी नसते. ॲक्रिलेट कुळांतील द्रव्यें अंगाला वारंवार लागलीं तर त्वचेला त्यांचें वावडें उत्पन्न होतें. हातांवर पुरळ उठतें, आणि एकदां जडलेलें वावडें बहुधा जन्माची सोबत करतें. कांहीं राळांत कांचेला धरण्यासाठीं ॲक्रिलिक अम्ल घातलेलें असतें, तें त्वचेला व डोळ्यांना दाहक आहे. म्हणून हातमोजे व चष्मा वापरावा, खोली हवेशीर असावी, आणि दिव्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये. ज्या कुपीवर बनविणाराचें नांव नाहीं, मुदत नाहीं, घटकांची व धोक्याची माहिती नाहीं, ती स्वस्त असली तरी घेऊं नये. घेतलेली कुपी थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावी; मुदत टळलेली राळ कुपींतच बिघडूं लागलेली असते.

आणखी एक विवेक पाळावा लागतो तो मर्यादेचा. प्रत्येक टवका भरण्याजोगा नसतो. ब्रिटनच्या १९९८ च्या संहितेनें सुकाणूच्या चाकासमोरचा २९० मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा विशेष जपण्याचा ठरविला. तेथें १० मिलिमीटरपेक्षां मोठी इजा दुरुस्त करूं नये, कांच बदलावी, असा तिचा नियम आहे. इतर भागांत क्रमाक्रमानें अधिक सूट आहे. अमेरिकेंतही २००७ सालीं दुरुस्तीचें राष्ट्रीय मानक सिद्ध झालें. अशा मर्यादेचें कारण स्पष्ट आहे. उत्तम दुरुस्तीनंतरही थोडी खूण राहते, आणि रात्रीं समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतांत ती खूण हांकणाराच्या डोळ्यांसमोर फांकते. इजा आंतल्या तावापर्यंत पोहोंचली असेल तर राळेची गोष्टच काढूं नये.

मोटारीची पुढची कांच आतां केवळ वारा अडवीत नाहीं. गाडी उलटली असतां छपराला आधार देण्यांत तिचा वांटा असतो, आणि अपघातांत शेजारच्या प्रवाशासमोरची हवेची पिशवी फुगतांना पुष्कळ गाड्यांत ह्याच कांचेचा टेंका घेते. असा भार वाहणाऱ्या कांचेंत जी राळ भरावयाची, ती केवळ भेग झांकणारी असून भागत नाहीं.

वॉशिंग्टन राज्यांतील त्या गृहस्थाला आपली कांच तपासून पाहण्याचें साधन नव्हतें. खिंडींतील खड्यानें ती तपासली, आणि त्या परीक्षेची किंमत त्यानें डोळ्यानें दिली. आजच्या गिऱ्हाइकाला निदान विचारण्याचा अधिकार आहे: ही राळ कोणाची, मुदत कधींची, उन्हांत किती टिकते, आणि हा टवका खरोखर भरण्याजोगा आहे काय? भला कारागीर अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. तो कुपी पुढें करून वरची अक्षरें वाचूं देतो. आणि टवका मर्यादेबाहेरचा असेल तर पदरचें गिऱ्हाईक जात असलें तरी 'ही कांच बदला', असें सांगतो.